घानिमची गाडी नेमकी कोणती

उस्मानभाई परकार दुकानात आले की काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहायचे आणि हव्या असलेल्या वस्तूचं नाव घ्यायच्या आधी तिला दोन शिव्या घालायचे. त्या दिवशी ते नुसतेच उभे राहिले. मी विचारलं, "काय देऊ?"

"काय नको. संजीव, तू शिकलेला हायस. मला एक सांग, ओरिजिनल म्हणजे काय?"

"कंपनीचा माल," मी म्हटलं. "डुप्लिकेट नसतो तो."

"तां मला पण माहीत हाय. पण माणसाच्या हातचां काम काढून कंपनीचां घालायचां, तर काढलेलां काम ठेवायचां कुठां?"

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि उस्मानभाई "जाऊदे" म्हणून निघून गेले. पुढची चार-साडेचार वर्षं ते हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत राहणार आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी नाशिकचा. दोह्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, तिथे काउंटर सांभाळतो. दुकान सनायात आहे. सनाया म्हणजे इंडस्ट्रियल एरिया. ओळीने गॅरेजं, पत्र्याच्या शेड, वेल्डिंगचा उजेड आणि सगळीकडे धूळ. उस्मानभाईंचं गॅरेज आमच्या मागच्या गल्लीत. ही गोष्ट २०१८ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. सौदीची हद्द बंद होऊन वर्ष होत आलं होतं. पूर्वी शारजाहून दुसऱ्या दिवशी येणारा माल आता ओमानच्या बंदरातून बोटीने यायचा, आणि कधी येईल ते बोटवाल्यालाही सांगता यायचं नाही. शहरभर वर्ल्ड कपची तयारी चालली होती. सकाळी ज्या रस्त्याने यावं तो संध्याकाळी बंद असायचा.

उस्मानभाई हर्णै बंदराजवळच्या एका गावातले. लहानपणापासून मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करत आलेले. लाँचमध्ये इंजिनाची खोली एवढीशी, कुशीवर पडून, एका हाताने, अंधारात काम करायचं. चुलतभावाने व्हिसा पाठवला म्हणून ते १९८९ साली दोह्यात आले आणि एका गॅरेजात लागले. तिथे पहिल्यांदा अमेरिकन पिकअपचं बॉनेट उघडलं तेव्हा त्यांना वाटलं, निम्मं इंजिन कुणीतरी आधीच काढून नेलंय. इतकी जागा. मडगार्डवर बसून दोन्ही पाय आत सोडले तरी इंजिनाला लागत नव्हते. "मी तवाच ठरवलां," ते सांगायचे, "आता कुशीवर पडून काम करायचां नाय."

पुढे त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं, आणि जुन्या अमेरिकन पिकअपांखेरीज दुसरं काही हातात घेतलं नाही. शेवरोले, जीएमसी, फोर्ड, डॉज. गिऱ्हाईक म्हणजे म्हातारे कतरी. वाळवंटात उंटांना, बकऱ्यांना चारा-पाणी घेऊन जाणारे. घरी नव्या लँडक्रूझर उभ्या असल्या तरी मजऱ्यावर, म्हणजे शेतावर, जायला त्यांना जुनी पिकअपच लागायची.

त्यांतले एक घानिम. मोठ्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू मुबारक म्हणत. १९९५ साली ते आपली शेवरोले घेऊन उस्मानभाईंकडे आले. गाडी वाळूच्या रंगाची, दारं लोंबलेली, आणि दुपारी वाटेत बंद पडणारी. उन्हात नळीतलं पेट्रोलच उकळतं हे उस्मानभाईंनी ओळखलं. त्यांनी नळी इंजिनापासून लांबून फिरवली आणि टाकीपाशी विजेचा पंप बसवला. गाडी पुन्हा कधी दुपारी थांबली नाही. मग घानिम दुसरीकडे कुठे गेलेच नाहीत.

पुढच्या वीस-एक वर्षांत त्या गाडीला उस्मानभाईंनी काय काय केलं ते त्यांना स्वतःलाही सलग आठवत नसे. दारांच्या बिजागऱ्यांना पितळेचे बुश, म्हणजे आतल्या छोट्या नळ्या, घातले, तेही गावाहून आणलेल्या लाँचच्या जुन्या व्हॉल्व्हमधून कातून काढलेले. एका छोट्या लॉरीचा रेडिएटर बसवला. काच खाली करायचा दांडा तुटला तेव्हा टोयोटाचा लावला. सीटचा स्पंज दर दोन वर्षांनी दबायचा, म्हणून एका सुट्टीत कोकणातून काथ्या आणून भरला. घानिम तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसून करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा, पीत राहायचे. बोलणं जवळजवळ नसायचंच. काम संपलं की ते विचारायचे, "तमशी?" म्हणजे चालते? आणि उस्मानभाई म्हणायचे, "तमशी." एवढंच.

२०१६ च्या हिवाळ्यात घानिम वारले. उस्मानभाईंना ते महिन्याभराने कळलं, तेही दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाकडून. गाडीचं काय झालं हे विचारायला त्यांना बरं वाटेना. दीड वर्षाने गाडीच आली, टो करणाऱ्या ट्रकवर चढून, आणि तिच्या मागून मुबारक आला.

मुबारक पस्तिशीतला. अमेरिकेत टेक्सासला शिकून आलेला, वागायला अतिशय अदबशीर. आल्या आल्या त्याने उस्मानभाईंना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. बोलणं तिकडचं नेहमीचं, थोडं अरबी, थोडं हिंदी, मध्ये इंग्रजी. त्याचं म्हणणं असं होतं : एका मोठ्या हॉटेलशी त्याची बोलणी झाली होती. वर्ल्ड कपच्या वेळी जगभरचे लोक येतील, तेव्हा हॉटेलच्या दालनात ही गाडी ठेवायची. "माझ्या वडिलांनी एकोणऐंशी साली शोरूममधून ही नवी कोरी काढली. त्या दिवशी जशी होती तशी करून दे. कंपनीने जे लावलं तेवढंच ठेवायचं. बाकीचं सगळं काढायचं."

मग तो गाडीभोवती फिरू लागला. टेक्सासमध्ये त्याने अशा गाड्यांचा अभ्यासच केला होता. रेडिएटरवर बोट ठेवून म्हणाला, "हा याचा नाही." पंपावर बोट ठेवलं, "हा तर कुठलाच नाही." दार उघडलं, बंद केलं, बिजागरीत डोकावून पाहिलं. "पितळ? हे कुणी केलं?"

उस्मानभाई म्हणाले, "माहीत नाही. बघतो."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"मला तरी काय माहीत," ते म्हणाले. "तो शिवी देऊन विचारत होता की कौतुकानं, तां कळलां नाय. त्याच्या तोंडावर दोन्ही दिसत होतां."

त्यानंतर त्यांनी काम सुरू केलं. मुबारकने अमेरिकेहून भाग मागवले, ते आमच्या दुकानात यायचे. खोके उघडताना उस्मानभाई हजर असायचे. एखादा नवा भाग हातात घेऊन बघायचे, वजन अजमावायचे, आणि निमूट घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी तोच भाग जिथे बसवायचा तिथलं आपलं जुनं काम सोडवायचे. सोडवलेलं रॉकेलने पुसून गॅरेजातल्या मागच्या फळीवर ठेवायचे. मी एकदा त्या फळीपाशी उभा होतो. ते म्हणाले, "हा पंप मी रमजानात बसवला होता. रोजा होता आणि पेट्रोल तोंडात गेलां. मग तो रोजा धरला की नाय, तां मी मौलवींना विचारलां होतां."

"काय म्हणाले?"

"तां आठवत नाय."

घरी अल अझीझियात त्यांची बायको रुकैया आणि मुलगी तसनीम. रुकैयाभाभींना नवऱ्याच्या गाड्यांत रस नव्हता, पण नवरा जेवताना थांबून भिंतीकडे बघायला लागला तेव्हा त्यांनी चौकशी केली. "आज काय काढलांत?" त्या विचारायच्या, जणू दाढच काढली असावी. तसनीम कॉलेजात होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती इंग्रजीत द्यायची. ती म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ ट्रक." उस्मानभाईंनी ते वाक्य मला येऊन सांगितलं आणि विचारलं, "यात 'जस्ट' कशाला?"

जून आला. कंपनीचा रेडिएटर बसवून इंजिन चालू केलं, तर गाडी उभ्या उभ्या तापली आणि झाकणातून वाफ आली. उस्मानभाईंनी मुबारकला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "तिथे एसी आहे. आणि चालवायची कुठे आहे?" हे बरोबरच होतं. तरी उस्मानभाईंना ते दिवसभर खटकत राहिलं.

खरा घोळ झाला तो इंजिन बाहेर काढल्यावर. इंजिन आठ सिलिंडरचं. वीस वर्षं त्याचा आवाज ऐकलेला, त्याचे प्लग बदललेले. ते साखळीवर टांगून बाजूला घेतलं आणि खालची चौकट धुतली, तेव्हा तिथे इंजिन बसवायच्या भोकांची आणखी एक जोडी दिसली. पुढे सरकलेली, कडेने झिजलेली. त्यांवर वर्षानुवर्षं काहीतरी बसलेलं होतं. उस्मानभाईंनी मला हाक मारून बोलावलं. मी इंजिनातला जाणकार नाही, भाग विकतो, पण मलाही समजलं. ती भोकं सहा सिलिंडरच्या इंजिनाची होती. म्हणजे ही गाडी कारखान्यातून वेगळं इंजिन घेऊन आली होती.

"हे तुम्ही बदललं?" मी विचारलं.

"नाय. माझ्याकडे आली तवा हेच होतां." ते चौकटीपाशी उकिडवे बसून राहिले. "आणि मी कधी खाली बघितलांच नाय. वीस वर्षां मी तिच्या पोटात होतो."

मुबारकला बोलावलं. तो गुडघे टेकून बघत राहिला. मग त्याने फोनवर काहीबाही शोधलं, अमेरिकेत कुणालातरी विचारलं, आणि म्हणाला, "असेल. शोरूमवाल्यांनीच बदललं असेल." त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसलेला दिसत नव्हता.

आठवड्याभराने रंग खरवडायला घेतला. वरचा वाळूचा रंग गेला, खाली निळा निघाला. मुबारक खूश झाला, निळा म्हणजेच पहिला, असं त्याने ठरवलं. पण निळ्याखाली पिवळा निघाला. आणि डाव्या दारावर पिवळ्यावर काळी अक्षरं होती. अरबीत अर्धा शब्द, त्याखाली इंग्रजीत अर्धा. कुठल्यातरी ठेकेदार कंपनीचं नाव असावं. शेवट वाचता येत होता, सुरुवात गंजून गेली होती. दाराच्या आतल्या बाजूलाही पिवळाच.

मुबारकने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग उस्मानभाईंना म्हणाला, "तू वडिलांना माझ्याइतकाच ओळखत होतास. त्यांनी कधी काही सांगितलं?"

"ते फक्त चालते का एवढं विचारायचे," उस्मानभाई म्हणाले.

आता आईलाच विचारायचं असं ठरलं. मुबारकची आई अल थुमामाला राहायची. गाडी तर उघडी पडलेली, इंजिन साखळीवर. मग दार तेवढं उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि उस्मानभाईंच्या पिकअपमध्ये घातलं. मुबारक पुढे, उस्मानभाई मागे. स्टेडियमचं काम चालू असल्यामुळे अर्ध्या वाटेत लाल-पांढरे प्लास्टिकचे अडथळे लावलेले. एका वळणावर मुबारकची गाडी दिसेनाशी झाली. उस्मानभाईंना तिथला रस्ता पूर्वीच्या चौकांवरून माहीत होता, तिसऱ्या राउंडअबाउटला उजवीकडे. पण राउंडअबाउट काढून तिथे सिग्नल केलेले. ते सिग्नल मोजू लागले, तर त्यांतले काही पूर्वीपासूनचे होते. दार घेऊन ते स्टेडियमच्या पत्र्याच्या कुंपणाला फेऱ्या घालत राहिले. शेवटी मुबारक परत शोधायला आला.

म्हातारी अंगणात सावलीला बसली होती. चेहऱ्यावर जुन्या बायका बांधतात तसा बतुला, कडक मुखवट्यासारखा. उस्मानभाई दूर उभे राहिले. मुबारकने दार भिंतीला टेकवलं, चादर काढली आणि विचारलं, "आई, आपल्या गाडीचा रंग कोणता होता?"

ती म्हणाली, "मी आत बसायचे. रंग बाहेरून दिसतो."

"पण चढताना, उतरताना?"

तिने दारावरून हात फिरवला. "पिवळी कंपनीची होती. आपली निळी."

"हे दार निळंही आहे आणि पिवळंही आहे."

मग तिने जे सांगितलं ते उस्मानभाईंना तुकड्यातुकड्याने समजलं. बाकीचं मुबारकने नंतर सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे गाड्या दोन होत्या. नवी घेतलेली निळी, ती एकदा समुद्राकडच्या खाऱ्या दलदलीत उलटली. तेव्हा मुबारकचा जन्म व्हायचा होता. घानिमनी तिचं इंजिन काढून आणलं, एका कंपनीकडून जुनी पिवळी घेतली, तिच्यात ते घातलं आणि तिला निळा रंग दिला. का, तर लोकांनी विचारू नये म्हणून. की तिने रडू नये म्हणून. ती दोन्ही म्हणाली.

मुबारकच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. इंजिन तरी वडिलांच्या नव्या गाडीचं होतं. पण गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पिऊन झाल्यावर म्हातारी म्हणाली, "उलटली ती माझ्या भावाची होती का रे? त्याच्याकडेही निळीच होती."

"आई, आत्ता तू म्हणालीस आपली."

"भाऊ चालवत होता. घानिम बाजूला बसला होता. की उलट." मुबारकने पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. ती वैतागली. "तुझ्या बापाला विचारायचंस. तो तर तुझ्यासमोर इतकी वर्षं होता."

दार परत गाडीत चढवताना मुबारक म्हणाला, "मी सगळ्यांना सांगून बसलोय. नवी कोरी, शोरूममधून." आणि मग थोड्या वेळाने, "ओरिजिनल करायची तर आता मी कंपनीची पिवळी गाडी करू? त्या गाडीशी आमचा काय संबंध?"

उस्मानभाई म्हणाले, "पितळेचे बुश मी घातले होते."

"काय?"

"बुश, पंप, रेडिएटर. सगळं मीच केलं. तुझ्या वडिलांसमोर."

मुबारक त्यांच्याकडे वळला. "मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुला आवडलं नाही असं वाटलं."

"वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? ओरिजिनल नाही म्हटलं."

"हां," उस्मानभाई म्हणाले. त्या दोन्हींत फरक आहे हे त्यांना मान्य होतं, पण तो धरता येत नव्हता. रस्ताभर ते तोच विचार करत आले आणि पुन्हा एकदा वाट चुकले.

त्यानंतर काम थांबलं. मुबारक फोन करायचा, म्हणायचा, तू ठरव. ठरवलं का, असं पुन्हा विचारायचा. कुणी हुकूम दिला असता तर उस्मानभाईंनी पाळला असता. तू ठरव, हा हुकूम त्यांना कधी कुणी दिला नव्हता. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. मग २०२० साली कोरोनात सनायाचा बराच भाग बंद केला. उस्मानभाई अझीझियात घरी अडकले. रुकैयाभाभींनी त्या दिवसांत त्यांना एकच सल्ला दिला. "गाडीचां पुढे काय करायचां हाय, तां आधी विचारा. फाटलेलां लुगडां कुणी नेसायचां हाय की पेटीत ठेवायचां, तां माहीत नसताना मी शिवायला बसत नाय." उस्मानभाईंना तो पटला, पण मुबारकला फोन करायचा धीर होईना. फोन केला आणि तो उलट "तू सांग" म्हणाला, तर?

अखेर २०२२ च्या उन्हाळ्यात मुबारक स्वतःच आला. हॉटेलवाल्यांनी तेवढ्या जागेत कुणाचीतरी दुसरीच गाडी ठेवायचं ठरवलं होतं. मुबारक रागावलेला नव्हता, उलट जरा मोकळा वाटत होता, पण त्यालाही त्याचं कारण सांगता येत नसावं. म्हणाला, "आता कुणाला दाखवायची नाही. आईला मजऱ्यावर जायचंय म्हणते. याच गाडीतून. ती चालली पाहिजे."

चालली पाहिजे हे उस्मानभाईंना समजलं. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. मी रोज डोकावून यायचो. पंप आपला लावला, रेडिएटर आपला. काच फिरवायचा दांडा अमेरिकेहून आलेला ठेवला, तो दिसायला चांगला होता. सीटला नवा स्पंज भरलेला होता, तो काढून पुन्हा काथ्या घातला, मग निम्मा काढला, कारण म्हातारीला कडक लागेल. दारांच्या बाबतीत त्यांचं ठरेना. एका दाराला कंपनीचे बुश घातले, एकाला पितळेचे. मी म्हटलं, "असं का?" ते म्हणाले, "मला काय विचारतोस."

रंगाचा प्रश्न मुबारककडे होता. तो एक दिवस पिवळा म्हणायचा, एक दिवस वाळूचा, वडिलांच्या शेवटच्या वर्षांत होता तसा. शेवटी निळा ठरला. पण कोणता निळा? खरवडताना जो निळा निघाला होता तो उन्हाने इतका बदललेला की त्याच्यावरून मूळ ओळखता येईना. रंगारी म्हणजे शेजारच्या शेडमधला कमाल, मुंब्र्याचा. त्याने पाच पत्रे रंगवून उन्हात ठेवले. मुबारकने एक निवडला आणि संध्याकाळी फोन करून दुसरा सांगितला. कमालने तोवर पहिला मारला होता.

ऑक्टोबर उजाडला. शहरात झेंडे लागले होते, उंच इमारतींवर खेळाडूंची चित्रं चढत होती, सगळीकडे कामगार झाडत, पुसत होते. एका शुक्रवारी सकाळी उस्मानभाई गाडी घेऊन थुमामाला गेले, त्यांची पिकअप कमालने मागून आणून सोडली. म्हातारी बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही नव्हे. ती निळी वेगळी होती." मुबारकचा चेहरा उतरला. पण ती तेवढं बोलून थांबली नाही. आपल्या बाजूचं दार उघडलं, पदर आवरावा तसा बुरखा आवरला, आत चढून बसली आणि काच खाली केली. "चल," ती म्हणाली. "ऊन चढेल."

मुबारक चालवायला बसला. वाटेत काही झालं तर असावं म्हणून उस्मानभाई आपल्या गाडीतून मागे निघाले. सत्तावीस वर्षांत त्यांनी ती गाडी उघडी पाहिली होती, उचललेली पाहिली होती, खालून पाहिली होती. ती पुढे चालली आहे आणि आपण मागून बघतोय, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. मागून ती त्यांना जरा डावीकडे झुकलेली वाटली. झुकलेली आहे की रस्ताच उतरता आहे, हे ते बराच वेळ पडताळत राहिले.

उत्तरेकडच्या मोठ्या रस्त्यावर नवा पूल झाला होता. तिथे पुढच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकू लागला, आणि गाडी डावीकडे वळली. उस्मानभाईंनी ब्रेक दाबला. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्यांनी फोन लावला.

"कुठे चाललास?"

"आई डावीकडे म्हणते."

"दिवा उजवीकडचा लागलाय."

"मी डावीकडचाच दाबलाय," मुबारक म्हणाला.

उस्मानभाईंच्या लक्षात आलं, मागच्या तारा जोडताना आपल्याच हातून उलटसुलट झालं आहे. इतक्या वर्षांत अशी चूक त्यांच्याकडून झाली नव्हती. त्यांनी फोन ठेवला. पुढच्या गाडीचा डावा दिवा लागला की उजवीकडे आणि उजवा लागला की डावीकडे, असं करत ते मागे जात राहिले. मध्ये एकदा म्हातारी चुकून उजवीकडे म्हणाली आणि मग डावीकडे, तेव्हा गाडी सरळच गेली.

मुबारक लहानपणानंतर तिकडे फिरकला नव्हता, त्यामुळे मजरा सापडला की नाही, हे आजही पक्कं सांगता येत नाही. एका कुंपणापाशी दोन बाभळीसारखी झाडं होती, विहिरीवर झाकण होतं. मुबारकला वाटलं हाच. म्हातारी म्हणाली, आपल्या विहिरीपाशी तीन झाडं होती. कुंपणाच्या पलीकडे नवा डांबरी रस्ता आणि गाड्या लावायला आखलेली मोठी मोकळी जागा. एक झाड तिथे गेलं असेलही. चटई टाकली. उस्मानभाईंनी बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला. गरम होता, पण तापला नव्हता. ते आपल्या गाडीकडे परत जाऊ लागले.

म्हातारीने मुलाला विचारलं, "हा कोण?"

"उस्मान. गाडी हा बघतो. बाबांच्या वेळेपासून."

"कुठला?"

"हिंदुस्थानातला. समुद्राकाठचा."

तिने उस्मानभाईंकडे पाहिलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असावी, किंवा नुसतंच बघत असावी. मग थर्मास मुलाच्या हातात दिला आणि म्हणाली, "उन्हात काय उभा राहिलाय तो. बोलाव, त्यालाही गहवा दे."

उस्मानभाई चटईच्या कडेला बसले.